सरळ सॅक्सोफोन घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात फुंकवाद्यं दुरुस्त करतो, संध्याकाळी थोडं शिकवतो आणि लग्नसराईत स्वतःही वाजवतो. मोबाइलवर कुणीतरी लांबलचक, काठीसारखा सरळ टेनर सॅक्सोफोन वाजवताना दिसला की आठवडाभर तेच प्रश्न येतात: "भाऊ, हा कुठं मिळते? चांगला असते का?" दर वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. वाद्यांचे भाव मात्र इथे नाहीत. ते दर महिन्याला बदलतात, ते दुकानातच विचारा. नावं आधी सांगून ठेवतो: नेहमीचे सॅक्सोफोन लहानापासून मोठ्यापर्यंत चार, सोप्रानो, अल्टो, टेनर आणि बॅरिटोन.

सरळ सॅक्सोफोन म्हणजे पितळेची क्लॅरिनेटच ना?

नाही. दिसायला जवळची वाटली तरी आतून दोन्ही वेगळी आहेत. क्लॅरिनेटची नळी वरपासून खालपर्यंत जवळपास सारख्याच जाडीची असते. सॅक्सोफोनची नळी तोंडाकडे बारीक असते आणि खाली जात जात रुंद होते. सनई हातात घेतलेल्याला हा आकार लगेच ओळखू येईल. नळीच्या हिशेबाने सॅक्सोफोन क्लॅरिनेटपेक्षा सनईला जवळचा, फक्त सनईला दोन पानांची पत्ती असते आणि याला एकच रीड.

फरक बोटांना लगेच कळतो. क्लॅरिनेटवर खालचा सा धरून अंगठ्याची चावी उघडली की वरच्या सप्तकातला प लागतो. सॅक्सोफोनवर तेच केलं की वरचा सा लागतो. म्हणून सॅक्सोफोनची बोटं दोन्ही सप्तकांत सारखी राहतात आणि शिकायला सोपी जातात. बँडमधले जुने क्लॅरिनेटवाले सोप्रानोकडे वळतात तेव्हा पहिले काही दिवस त्यांची याच जागी गडबड होते.

मग सोप्रानो सरळ आणि अल्टो वाकडा, असं का?

लांबीमुळे. यात दुसरं कुठलंही गुपित नाही.

शंकूच्या आकाराच्या नळीत सर्वात खालचा सूर निघतो तेव्हा आतल्या हवेची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मी असते. २० अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा आणि वही घेऊन बसा. सोप्रानोचा सर्वात खालचा सूर २०८ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे लांबी आली ८२-८३ सेंटिमीटर. अल्टोचा १३९ हर्ट्झ, लांबी सव्वा मीटरच्या जवळ. टेनरचा १०४ हर्ट्झ, लांबी १.६५ मीटर. बॅरिटोनचा ६९ हर्ट्झ, लांबी अडीच मीटरच्या घरात. प्रत्यक्षात पितळेची नळी यापेक्षा आखूड असते, कारण शंकूचं टोक कापलेलं असतं आणि त्याची भरपाई माउथपीसच्या (तोंडात धरायच्या भागाच्या) आतली पोकळी करते. तरी सरळ केली तर अल्टोची नळी मीटरभर आणि टेनरची सव्वा ते दीड मीटर भरते.

आता खुर्चीवर बसा आणि जमिनीपासून तोंडापर्यंत टेप लावा. साधारण ११०-११५ सेंटिमीटर येईल. त्या जागेत सोप्रानो आरामात मावतो, अल्टो कसाबसा मावतो, टेनर मावत नाही. म्हणून नळी खाली वळवली आणि बेल, म्हणजे नळीचं शेवटचं रुंद तोंड, वर आणली. ते वळण हातांसाठी आणि कानांसाठी आहे. सुरासाठी त्याची गरज नव्हती.

क्लॅरिनेट सरळ राहू शकली ती आधी सांगितलेल्या फरकामुळे. सारख्या जाडीची नळी तेवढ्याच लांबीत जवळपास सप्तकभर खाली जाते. ६६-६७ सेंटिमीटरची नेहमीची क्लॅरिनेट जिथे उतरते, तिथे पोचायला सॅक्सोफोनला मीटरभराचा अल्टो लागतो.

सरळ अल्टो, सरळ टेनर हे आजकालचं फॅड आहे का?

फॅड म्हणा, पण आजकालचं नाही. अडोल्फ सॅक्स हा बेल्जियममधल्या दिनाँ गावचा. पॅरिसमध्ये त्याने १८४६ साली सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं, तेही एका वाद्याचं नाही, लहानमोठ्या वाद्यांच्या अख्ख्या कुटुंबाचं. तेव्हापासूनच धाकटी भावंडं सरळ आणि थोरली वळवलेली, अशी विभागणी पडत गेली.

खरी गंमत १९२० च्या दशकात अमेरिकेत झाली. तिथे तेव्हा घरोघरी सॅक्सोफोनचं वेड होतं आणि प्रत्येक कंपनीला दुसरीपेक्षा वेगळं काहीतरी दाखवायचं होतं. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या ब्यूशर कंपनीने सरळ अल्टो काढला. क्लीव्हलँडच्या एच. एन. व्हाइट कंपनीने 'किंग' या नावाखाली सॅक्सेलो काढला: सोप्रानोच, पण मान वाकवलेली आणि बेल पुढे झुकवलेली. कॉन कंपनीने १९२८ च्या सुमारास कॉन-ओ-सॅक्स आणला. तो एफ पट्टीचा, सरळ अंगाचा आणि खाली गोळ्यासारखी फुगीर बेल असलेला. १९२९ नंतर मंदी आली आणि ही सगळी हौस बसली. उरलेली वाद्यं आज संग्राहकांच्या कपाटात आहेत.

पुढे १९९० च्या दशकात एल. ए. सॅक्स या अमेरिकी नावाखाली सरळ अल्टो आणि सरळ टेनर पुन्हा बाजारात आले. तुमच्या मोबाइलवर दिसणारे बहुतेक त्या काळातले किंवा त्यानंतरचे असतात.

एका वेळी तीन सॅक्सोफोन वाजवणारा तो अंध वादक कोण?

रासान रोलँड कर्क. जन्म १९३५, ओहायोतल्या कोलंबस शहरात. मृत्यू १९७७. त्याच्या गळ्यात टेनरसोबत दोन विचित्र वाद्यं असायची. एकाला तो मॅन्झेलो म्हणे, ते सॅक्सेलोचंच बदललेलं रूप. दुसऱ्याला स्ट्रिच, म्हणजे ब्यूशरचा तोच सरळ अल्टो, थोडे फेरफार करून घेतलेला.

सरळ अल्टोची वाजवण्यातली एकमेव खरी सोय मला कर्ककडे पाहून पटते. तीन वाकडे सॅक्सोफोन एकत्र छातीशी धरले तर बेल एकमेकींवर आपटतील. सरळ नळ्या मात्र शेजारी शेजारी राहतात आणि एका हाताने एक अशा चालवता येतात. त्याने वाद्य गरजेतून निवडलं होतं. तुम्हाला तीन एकदम वाजवायचे असतील तर माझा बाकीचा सल्ला विसरा.

सरळ नळीचा आवाज जास्त मोकळा, जास्त खुला असतो म्हणतात. खरं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर कुणाला आवडत नाही.

वळणामुळे आवाज अडतो ही समजूत पाण्याच्या पाइपवरून आलेली आहे. आत पाणी धावत नसतं. हवेचा स्तंभ जागच्या जागी कंप पावत असतो, आणि त्या कंपाची लांबी नळीच्या जाडीपेक्षा कितीतरी मोठी असते. वळणाचा परिणाम होतो, पण किंचित, आणि चांगला कारागीर तो भोकांच्या जागा बदलून सांभाळून घेतो. माउथपीस बदलला, रीड अर्ध्या नंबरने जड घेतली किंवा नेक (माउथपीस ज्यावर बसतो तो वरचा तुकडा) बदलला तर याच्या कितीतरी पट फरक पडतो.

दुसरी गोष्ट. आवाज बेलमधूनच बाहेर पडतो असं बहुतेकांना वाटतं. बेलमधून पूर्णपणे बाहेर पडणारा सूर एकच, सर्वात खालचा बी-फ्लॅट, कारण तेव्हा सगळी भोकं बंद असतात. बाकी सुरांना आवाज बराचसा उघड्या भोकांतून निघतो. घरी करून बघा: मधला जी वाजवा आणि मित्राला बेलवर हात ठेवायला सांगा. सुरात फारसा फरक पडणार नाही. मग खालचा बी-फ्लॅट वाजवा आणि तेच करा, सूर जागीच घुसमटेल.

फरक पडतो तो दिशेत. वाकड्या अल्टोची बेल वर आणि पुढे बघते, त्यामुळे खालचे सूर समोरच्यालाही मिळतात आणि वाजवणाऱ्याच्या कानालाही. सरळ अल्टोची बेल जमिनीकडे बघते. फरशी असेल तर ते सूर आपटून वर येतात, सतरंजी असेल तर तिथेच जिरतात. वाजवणाऱ्याला स्वतःचा खालचा सूर नीट ऐकू येत नाही, मग तो जोर लावतो आणि सूर चढतो. "वेगळा आवाज" म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं हे असतं. वाजवणारा वेगळ्या जागेवरून ऐकत असतो.

हातांना जड जातो का?

सोप्रानो सव्वा किलोच्या आसपास असतो, तरी तासाभराने उजवा अंगठा बोलू लागतो. अल्टो अडीच किलोचा. तो क्लॅरिनेटसारखा पुढे धरला तर गळ्यातल्या पट्ट्याने अर्धंच काम होतं, उरलेला भार अंगठ्यावर येतो. वाकड्या अल्टोत वजन शरीराजवळ राहतं आणि मांडीला किंवा कमरेला टेकतं. सरळ अल्टोत वजनाचा मध्य हातापासून दूर जातो, आणि तेच त्रासाचं कारण आहे.

वजनाहून मोठी अडचण चाव्यांची. भोकं कुठे असावीत हे सूर ठरवतो, बोटं कुठे असावीत हे हात ठरवतो. वळवलेल्या नळीत खालची बी आणि बी-फ्लॅटची भोकं बेलवर असतात आणि बेल परत वर, हाताजवळ आलेली असते. सरळ नळीत तीच भोकं पार तळाला जातात. डाव्या करंगळीची चावी आणि ते भोक यांच्यामध्ये लांब सळई टाकावी लागते. लांब सळई पिळली जाते. करंगळी दाबते, सळईचं वरचं टोक फिरतं, पण खालचं टोक केसभर मागे राहतं आणि पॅड, म्हणजे भोक झाकणारी गादी, एका बाजूने बसत नाही. माझ्या टेबलावर आलेल्या सरळ अल्टोत हीच तक्रार होती: खालचा सूर एकदा लागे, एकदा फाटे. पॅड चांगला, स्प्रिंग चांगली. आत दिवा सोडून पाहिलं तर पॅडच्या एका कडेला नखाएवढी उजेडाची फट. मधला आधाराचा खांब किंचित सैल होता आणि त्यावर पूर्ण सळई डुलत होती. वाकड्या वाद्यात एवढ्या ढिलाईने काही बिघडलं नसतं.

बसून वाजवता येतो?

सोप्रानो आरामात. अल्टो पाय फाकवून, बेल दोन पायांच्या मध्ये किंवा पुढे उचलून. टेनर नाही, उभंच राहा. ऑर्केस्ट्रात तीन तास खुर्चीवर बसणारे असाल तर विषय संपला.

वरातीत, मिरवणुकीत चालेल का? आमचा बँड आहे.

सोप्रानो चालेल, तो तर चालतोच. अल्टो-टेनर सरळ घेऊ नका.

रामनवमीच्या शोभायात्रेत किंवा मारबतीच्या दिवशी इतवारीत कसं चालावं लागतं ते बँडवाल्यांना मी काय सांगणार. पुढच्याची पाठ हातभर अंतरावर, बाजूने पोरं नाचत, मागून ढोल. मीटरभराची नळी पुढे काढून चाललात तर बेल कुणाच्या तरी गुडघ्यावर नाही तर डिव्हायडरवर आदळणार. खाली धरून चाललात तर तुमच्याच पायात. शिवाय रस्त्यावर फरशी नाही आणि भिंती नाहीत. जमिनीकडे तोंड केलेली बेल चार पावलांवरच्या ढोलापुढे टिकत नाही. वाकड्याची वर बघणारी बेल निदान गर्दीच्या डोक्यावरून आवाज फेकते.

एक बँडमालक म्हणाले, "पण फोटोत भारी दिसते ना!" दिसतो, खरंच दिसतो. सगळ्यात पुढे, नवरदेवाच्या घोड्यासमोर, एकाच्या हातात सोप्रानो द्या. फोटोही होईल आणि वादकाचे हातही वाचतील.

स्टेजवर माइक कसा लावायचा?

वाकड्या सॅक्सोफोनला बेलच्या काठावर चिमट्याचा माइक लावला की बहुतेक सूर बरे पकडले जातात, कारण बेल आणि मधली भोकं शेजारी शेजारी असतात. सरळ वाद्यात बेलवर माइक लावला तर खालचे दोन-तीन सूर ठणठणीत आणि बाकी सगळे लांबून आल्यासारखे. स्टँडचा माइक नळीच्या मध्यावर, उजव्या हाताच्या थोडा वर, वीतभर ते हातभर अंतरावर ठेवा. दोन माइक मिळत असतील तर दुसरा बेलजवळ, आवाज कमी ठेवून. वसंतराव देशपांडे सभागृहासारख्या ठिकाणी साउंडवाल्याला हे आधीच सांगा. कार्यक्रम सुरू झाल्यावर तो तुमचं ऐकणार नाही, त्याला तबल्याची काळजी असते.

आणि माइक लावल्यावर हलू नका. सोप्रानोवाल्यांना नळी हवेत फिरवायची सवय असते, त्यात आवाज येतो-जातो.

नागपूरच्या उन्हाळ्यात सूर चढतो म्हणतात. सरळ वाद्याला जास्त त्रास होतो का?

सूर चढतो हे खरं. गरम हवेत आवाज वेगाने जातो. २० अंशाला सेकंदाला ३४३ मीटर असलेला वेग ४५ अंशाला ३५७ च्या पुढे जातो. नुसत्या कागदावरच्या हिशेबाने सूर ७० सेंट चढायला हवा (१०० सेंट म्हणजे अर्धा सूर), म्हणजे अर्ध्या सुराच्या जवळपास पाऊण भाग. प्रत्यक्षात एवढा चढत नाही, कारण नळीतली हवा तुमच्या श्वासाने आधीच ऊबदार झालेली असते. तरी मे महिन्यातल्या मांडवात आणि जानेवारीच्या रात्रीच्या लॉनवर एकच वाद्य दोन पट्ट्यांत बोलतं, हे कुणीही सांगेल. पितळ उष्णतेने वाढतं आणि सूर किंचित उतरवतं, पण ते एका सेंटलाही धड पुरत नाही. उलट हार्मोनियमच्या पत्त्या उन्हात किंचित उतरतात. दोघांमधली दरी म्हणूनच रुंदावते आणि गायक आपल्याकडे रागाने बघतो.

उपाय एकच, माउथपीस बाहेर ओढणे. इथे सरळ-वाकड्याचा संबंध नाही, लहान-मोठ्याचा आहे. सोप्रानोवर एक मिलिमीटर ओढला की साधारण दोन सेंट उतरतो, टेनरवर एकच. सोप्रानोवाल्याने म्हणून हलक्या हाताने ओढावं. फार ओढलं तर वरच्या आणि खालच्या सप्तकाचा मेळ बिघडतो.

सुराहून मला पॅडची काळजी जास्त वाटते. पॅड लाखेने किंवा गरम गोंदाने चिकटवलेले असतात. मेमध्ये बंद गाडीत केस ठेवून सीताबर्डीवर खरेदीला गेलात, तर परत येईपर्यंत लाख मऊ पडून पॅड जागचे सरकलेले असू शकतात. वाद्य वर घेऊन या, नाही तर घरी ठेवा. पावसाळ्यात उलटं, कातडं दमट होतं आणि जी-शार्पचा पॅड भोकाला चिकटून बसतो. सिगारेटचा पातळ कागद पॅडखाली ठेवून हलकेच दाबा आणि काढा, तेवढ्याने सुटतो. पावडर टाकू नका.

दुरुस्तीला सोपा की अवघड?

इथे सरळ वाद्याची बाजू घेतो.

वाकड्या सॅक्सोफोनच्या खालच्या वळणाला आम्ही बो म्हणतो. वाद्य खाली आपटलं की पोचा हमखास तिथेच पडतो. बो आतून पोकळ आणि वाकडा, तिथे सरळ दांडा पोचत नाही. चाव्यांची जाळी उतरवा, क्लॅम्प सोडवा, बो वेगळा करा, आत वाकडा दांडा नाही तर गोळे घालून पोचा हळूहळू वर काढा, परत जोडा, सांध्यातून हवा गळत नाही ना ते बघा. दिवस जातो. सरळ नळीत पोचा पडला तर बेलच्या बाजूने पोलादी दांडा आत सरकवायचा, पोचा दांड्याच्या वर आणायचा आणि लाकडी हातोडीने बाहेरून घोळत बसायचं. आवाज बदलतो. पोकळ ठक-ठक होती ती भरीव टक-टक झाली की पितळ दांड्याला टेकलं. अर्ध्या तासाचं काम.

थुंकी आणि वाफेचं पाणीही सरळ नळीतून वाहून बेलमधून बाहेर पडतं, बो मध्ये साठत नाही. दोरीचं फडकं वरून टाकलं की खालून निघतं. रोज पुसायला कंटाळा करणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे.

पण सरळ वाद्य आडवं पडलं तर पोचा पडण्याऐवजी अख्खी नळीच वाकते. मग सगळ्या सळया एकदम अडकतात, एक चावी दाबली की दोन हलतात. ते सरळ करणं म्हणजे घाम. म्हणून सोप्रानो स्टँडवर ठेवताना रुंद बुडाचा स्टँड घ्या, आणि घरात लहान पोरं किंवा मांजर असेल तर स्टँड नकोच, केसमध्ये ठेवा.

मुंबई-पुण्याला नेताना?

सोप्रानोची केस रेल्वेच्या बर्थखाली सरकते. विमानात मात्र मोजून घ्या: देशातल्या विमानांत हातातल्या सामानाची लांबी बहुधा ५५ सेंटिमीटर आणि वजन ७ किलोपर्यंत चालतं. एकसंध सरळ सोप्रानो त्याहून लांब. आखूड वाकडा सोप्रानो मिळतो तो बरेच जण याच कारणाने घेतात. सरळ टेनरची केस घेऊन स्कूटीवरून धरमपेठेतून महालात जाऊन दाखवा, मग बोलू.

मुलगा १० वर्षांचा आहे. सोप्रानो लहान आहे, त्यावरून सुरुवात करावी का?

ताई, नको. (हा प्रश्न नेहमी आईच विचारते.) लहान वाद्य म्हणजे सोपं वाद्य असं नसतं. सोप्रानोची नळी आखूड, त्यामुळे ओठाचा दाब जरा बदलला तरी सूर हलतो. कान तयार नसलेल्या मुलाला आपण बेसूर आहोत हेच कळत नाही आणि तीच सवय लागते. वाकडा अल्टो घ्या. बोटं सगळ्या सॅक्सोफोनवर सारखीच असतात, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी सोप्रानोवर गेला तर नव्याने शिकावं लागत नाही. हात फारच लहान असतील तर वर्षभर बासरी किंवा रेकॉर्डर वाजवू द्या, घाई नाही.

गायक 'काळी एक' म्हणतो, मी कुठून धरू?

सोप्रानो आणि टेनर बी-फ्लॅटचे, म्हणजे त्यांवर सीची बोटं धरली की पेटीवरची काळी पाच वाजते. अल्टो आणि बॅरिटोन ई-फ्लॅटचे, सी धरला की काळी दोन. काळी एकसाठी सोप्रानोवर सा ई-फ्लॅटच्या बोटांवर येईल, अल्टोवर बी-फ्लॅटच्या. गायिका पांढरी चार म्हणाली तर सोप्रानोवर जी, अल्टोवर डी. हा हिशेब वाद्य सरळ असो वा वाकडं, बदलत नाही. पाठ करून टाका, स्टेजवर बोटं मोजत बसायला वेळ नसतो.

भारतीय संगीत, मींड वगैरे सरळ वाद्यावर जास्त चांगलं येतं का?

सोप्रानोवर ओठाने सूर ओढणं सोपं जातं, कारण नळी आखूड आहे. सनईचा भास हवा असेल तर तोच घ्यावा. पण ज्या माणसाने कर्नाटक संगीतात सॅक्सोफोनला मानाची जागा मिळवून दिली, त्या कद्री गोपालनाथांनी साधा वाकडा अल्टोच वापरला आणि गमकांसाठी त्याच्यात फेरफार करून घेतले. २००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ मध्ये ते गेले. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत मनोहारी सिंगांचा अल्टो ऐका. मींड ओठात, घशात आणि कानात असते. सोप्रानोसाठी जॅझवाले ऐका: आधी सिडनी बेशे, मग १९६० च्या सुमाराचा जॉन कोल्ट्रेन, मग आयुष्यभर सोप्रानोच धरून बसलेला स्टीव्ह लेसी. तिघांची वाद्यं सरळच, आणि आवाज एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत.

सर्वात लहान आणि सर्वात मोठा सरळ सॅक्सोफोन कोणता?

लहानात सोप्रिलो, म्युनिकच्या बेनेडिक्ट एपल्सहाइम यांनी बनवलेला. सोप्रानोच्याही सप्तकभर वर, लांबी फूटभर. इतका आखूड की सप्तकाच्या चावीचं भोक नळीवर मावेना, ते माउथपीसमध्येच करावं लागलं. वाजवायला महाकठीण. मोठ्यांत सरळ बॅरिटोनही बनलेले आहेत. ते वाजवण्यापेक्षा उभे करून दाखवण्यासाठी जास्त. घरात ठेवायचा तर आधी छत मोजा.

तरी मला सरळ अल्टो घ्यायचाच आहे. हरकत?

हरकत कसली, पैसे तुमचे. फक्त तो तुमचा दुसरा अल्टो असू द्या. पहिला वाकडा, रोजच्या रियाजाचा आणि कामाचा. सरळ अल्टो बिघडला तर त्याच्या सळया, खांब सहज मिळत नाहीत, घडवून घ्याव्या लागतात. तोवर हातात काहीतरी हवं. घरी भिंतीकडे तोंड करून, दोन-तीन फुटांवरून वाजवत जा, म्हणजे खालचे सूर परत कानावर येतील.

जुना सरळ सॅक्सोफोन कुणी विकतोय. काय बघू?

चकाकी बघू नका, ती अर्ध्या दिवसात आणता येते. माउथपीस आणि नेक काढा, नळी खिडकीकडे धरा आणि बेलमधून एक डोळा बंद करून आत बघा. उजेडाचं वर्तुळ बरोबर मध्ये दिसलं पाहिजे. एका बाजूला सरकलेलं किंवा चंद्रकोरीसारखं दिसलं तर नळी वाकलेली आहे. वाकड्या सॅक्सोफोनला ही तपासणी करताच येत नाही.

मग सळया. सर्वात लांब सळई चिमटीत धरून हलवा. खडखडली तर खांब झिजलेत. तळाच्या दोन पॅडखाली कागदाची पट्टी ठेवा, चावी नेहमीच्याच दाबाने दाबा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंनी सारखी अडली पाहिजे. जोर लावून दाबल्यावरच अडत असेल तर विकणाऱ्याला विचारा की करंगळी भाड्याने मिळते का. मेरठची स्वस्त वाद्यं असोत की परदेशी जुनी, ही तपासणी सारखीच.

शेवटी वाजवून बघा, पण वरून खाली. मधल्या सुरापासून एकेक खाली उतरत तळाच्या बी-फ्लॅटपर्यंत, हळू आवाजात. सगळे विकणारे वरची धून फडफडीत वाजवून दाखवतात. तळाचा सूर हळू वाजला तरच पैसे मोजा, नाही तर पॅडचा आणि सळयांचा खर्च किमतीतून वळता करून मागा. आणि केस सोबतच घ्या. त्या मापाची केस नंतर शोधायला गेलात तर शेवटी सुताराकडेच जावं लागतं.